घड्याळाखालीं कीं झाडाखालीं?

दादरच्या एका मध्यमवर्गीय घरांत सध्यां मोठा खल चालला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. मुलीला तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीं मुंबई विद्यापीठांत जागा मिळाली आहे आणि शांतिनिकेतनच्या विश्वभारतींतहि. वडील म्हणतात, "सारें कांहीं दाराशीं असतां एवढ्या दूर कशाला?" मुलगी म्हणते, "बाबा, दाराशीं आहे म्हणूनच!" दोघांचेंहि म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच निर्णय अवघड आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें. प्रारंभीं परीक्षा घेणें व पदव्या देणें एवढेंच त्याचें काम होतें; शिकविण्याचें काम महाविद्यालयांकडे होतें. त्यामुळें विद्यार्थ्याचें खरें आवार म्हणजे हें शहरच ठरलें. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभारलेला व त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण करणारा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पूर्ण झाला. त्याच्या घड्याळाखालून जाणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारींच उच्च न्यायालय दिसतें. ग्रंथालयें, नाटकें, व्याख्यानें आणि चळवळी त्याच्या वाटेवरच असतात. दिवसां नोकरी करून शिकणाऱ्या कितीतरी गरिबांना या शहरानें पोटाशीं धरलें. परंतु आगगाडीच्या गर्दींत रोजचे दोन तास गमावणाऱ्या मुलाला येथें एकांत मात्र दुर्मिळ.

विश्वभारतीचें चित्र अगदीं निराळें. बंगालमधील बोलपूरजवळ, लाल मातीच्या माळावर, रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९०१ सालीं अवघ्या पांच विद्यार्थ्यांनिशीं शाळा काढली. तिच्यांतूनच १९२१ सालीं विश्वभारती उदयास आली आणि १९५१ सालीं तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील शाळेचे वर्ग झाडांखालीं भरण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. शेजारच्या श्रीनिकेतनांत १९२२ सालीं ग्रामसुधारणेचें कार्य सुरू झालें. विद्येनें खेड्याकडे पाठ फिरवूं नये, हा त्यामागील हेतु. परंतु मराठी मुलीला तेथें भाषा परकी, अन्न निराळें, आणि पहिल्या पावसाळ्यांत तोच एकांत जिवावर येण्याचाहि संभव.

सत्यजित राय यांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. कलकत्त्यांत वाढलेले व प्रेसिडेन्सी कॉलेजांत शिकलेले राय १९४० सालीं आईच्या आग्रहामुळें, कांहींशा अनिच्छेनेंच, शांतिनिकेतनास गेले. नंदलाल बोस व विनोदबिहारी मुखर्जी यांच्या हाताखालीं त्यांना भारतीय कलेची दृष्टि लाभली, आणि भोंवतालचीं खेडीं प्रथमच जवळून पाहावयास मिळालीं. अभ्यासक्रम अपुरा टाकून ते १९४२ च्या अखेरीस शहरांत परतले; परंतु १९५५ सालीं खेड्याच्या जीवनावरील 'पथेर पांचाली' हा चित्रपट निर्माण झाला तो त्यांच्याच हातून. शहरानें जें दिलें नव्हतें, तें त्यांना माळावर मिळालें. उलट, खेड्यांत वाढलेल्या मुलाला मुंबईची गर्दी हीच मोठी शाळा होते.

तेव्हां 'कोणतें विद्यापीठ श्रेष्ठ?' हा प्रश्न अपुरा आहे. या मुलाला घरानें व गांवानें काय दिलेलें नाहीं, हें आधीं विचारावें. शक्य तर मुलाला घेऊन दोन दिवस तेथें राहून यावें. वर्ग पाहावेत, पण वर्ग सुटल्यानंतरची संध्याकाळ अधिक लक्षपूर्वक पाहावी. खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा, आणि तो मुलापासून लपवूं नये.

दादरच्या त्या वडिलांचें भय खोटें नाहीं. मुलगी गेली कीं घर रिकामें होणारच. परंतु मुलीनेंहि एक उत्तर द्यावयाचें राहिलें आहे. "दाराशीं आहे म्हणूनच" या शब्दांत ती काय सोडूं पाहते तें कळतें, काय मिळवावयास जाते तें कळत नाहीं. तें तिला सांगतां आलें, तर वडिलांनीं खुशाल तिकीट काढावें. न आलें, तर तें सुचेपर्यंत राजाबाईच्या घड्याळाखालींहि तिचें कल्याणच होईल.