लाकूड तासण्याचा चाकू : पारख आणि निगा



मुलाच्या हाती चाकू द्यावा की न द्यावा, हा वाद आता घरोघरी फारसा होत नाही. कारण 'नको' हे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते. आईबापांची ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. धारेला शहाणपण नसते. ते धरणाऱ्याच्या हाताला असावे लागते. परंतु हाताला ते शहाणपण यावयाचे कोठून? पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, तसेच हत्यार धरल्यावाचून हत्याराचा विवेकही येत नाही. म्हणून द्यावयाचाच तर चाकू कोणता द्यावा, आणि तो पारखावा कसा, एवढ्यापुरतेच आज मला बोलावयाचे आहे.

चाकूने लाकूड तासणे हा काही परदेशातून आलेला छंद नव्हे. ज्याने विटीची दोन्ही टोके निमुळती केली, त्याने हे काम केलेच आहे. बोरूने लिहिण्याच्या काळी तर चाकू हे विद्येचेच साधन होते. बोरूला तिरपा छेद देऊन टोकाशी बारीक चीर पाडता आली, म्हणजे विद्यार्थ्याची निम्मी तयारी झाली असे समजत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवितात, आणि सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी व फळे तर महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. हा सर्व एकाच कुळाचा विस्तार होय.

आमच्या बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचे क्षेत्र आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. अशा यात्रेच्या बाजारात खेळण्यांच्या शेजारीच चाकू-सुऱ्यांची पथारी पसरलेली असते, आणि मुलांची नजर नेमकी तेथेच खिळते. मुलगा मूठ किती रंगीत आहे हे पाहतो, आणि बाप किंमत किती आहे हे विचारतो. पाहावयाचे ते दोघांकडूनही राहूनच जाते.

पहिली पाहावयाची गोष्ट म्हणजे पाते. ते दोन ते तीन इंच, म्हणजे चार बोटांच्या रुंदीहून अधिक लांब नसावे. लाकूड तासताना सारा जोर मुठीजवळच्या भागावर येतो. पाते जितके लांब, तितके त्याचे टोक हाताच्या ताब्याबाहेर जाते. धार शक्यतो सरळ असावी. वर वळलेल्या टोकाचे पाते फळे सोलण्यास बरे, पण कोरीव कामात त्याचे टोक हवे तेथे टेकत नाही. पाते पातळही असावे. जाड पाते लाकूड कापीत नाही, ते पाचरीसारखे फोडते; आणि मग विटीऐवजी चिरफळ्या हाती येतात.

दुसरी गोष्ट पोलादाची. सर्वसाधारण हत्यारी पोलादात शेकडा ०.६ ते १ इतका कर्ब असतो. घिसाडी ते तापवून विझवितो, त्यालाच आपण पाणी देणे म्हणतो. पाणी अधिक झाले तर पाते ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात. कमी झाले तर धार दुमडते. अशा साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण गंज चढतो. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हापासून चकचकीत पाती घरोघरी आली. ती वाईट नव्हेत. मात्र स्वस्त मालात ती बहुधा मऊ असतात, आणि चकाकी पाहून गिऱ्हाईक फसते. ज्याला चाकू पुसून, तेलाचे बोट लावून ठेवण्याची सवय आहे, त्याने साधे पोलाद घ्यावे. ज्याला ती नाही त्याने न गंजणारे घ्यावे, पण नावाजलेल्या कारखान्याचे घ्यावे. दुकानात एक परीक्षा करता येते. धार वर करून चाकू उजेडात धरावा. धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे; खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. मग लिंबाची वाळकी काडी दहा-वीस वेळा तासून पुन्हा पाहावे. आधी नसलेली रेघ आता दिसू लागली, तर पाणी बरोबर नाही असे समजून चाकू परत करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे सांधा. पाते उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. ते डुगडुगता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर राहता कामा नये. उघडल्यावर ते पक्के अडकून राहण्याची काही सोय आहे की नाही, हे पाहावेच पाहावे. माझ्या वर्गातील एका मुलाने यात्रेतून घेतलेल्या चाकूचे टोक लाकडात खुपसून भोक पाडावयाचा यत्न केला. कमान सैल होती. पाते मागे मिटले ते थेट तर्जनीवर. जखम भरली, परंतु बोटाचा वरचा सांधा काही पुरता वाकेना, आणि पुढे लेखणी धरताना ते बोट निराळेच उभे राहू लागले. दोष मुलाचा नव्हता. तासताना जोर धारेवर येतो, तेव्हा पाते उघडेच राहते; भोसकताना किंवा पाठीवर जोर आला, की ते मिटू पाहते. ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात जोझेफ ओपिनेलने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू केला. त्याला पाते अडकविणारे फिरते कडे १९५५ साली जोडण्यात आले. एवढ्या लहानशा कड्याने किती बोटे वाचली असतील! आपल्याकडे रामपुरी चाकूच्या खटक्यामुळे खटका म्हणजे गुंडगिरी असा समज रूढ झाला आहे. वास्तविक उघडलेले पाते धरून ठेवणारा खटका हा बोटांचा रक्षक होय. वाईट असते ती लांबी, आणि हेतू. शस्त्रविषयक नियमांतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरकाम, शेती वा उद्योगासाठी नसलेले चाकू शस्त्रांत गणले आहेत. आपला तीन इंची चाकू त्यात येत नाही. तरी तो शाळेच्या दप्तरात, गर्दीत किंवा विमानातील हातपिशवीत नेऊ नये, हा विवेक मुलास प्रथमच शिकवावा.

चौथी गोष्ट मूठ. ती तळहात भरून राहावी, तिला टोकदार कोपरे नसावेत, आणि घामाने निसटू नये. साधी लाकडी मूठ याला उत्तम. पुष्कळांना अनेक हत्यारांचा चाकू हवासा वाटतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८९७ साली असा चाकू नोंदविला, आणि तो जगभर गेला. प्रवासात तो सोयीचा खरा. परंतु तासभर तासावयाचे असेल तर त्यातील कात्री आणि बूच काढण्याचा मळसूत्री काटा तळहाताला टोचू लागतात. तासण्यास एक किंवा दोन पाती पुरेत.

चाकू घेतला म्हणजे निगा आली. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो, आणि निसटला की हातावर येतो. म्हणून बोथट चाकू धारदार चाकूहून अधिक घातकी. निसण्यावर पाणी घालावे, पात्याची पाठ दोन नाण्यांच्या जाडीइतकी उचलून धरावी, आणि दोन्ही बाजूंनी सारखे घासावे. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ओढीत दहा-पंधरा हात द्यावेत.

लाकूड मऊ असावे. सावंतवाडीचे कारागीर पारंपरिक कामास पांगारा वापरीत आले, तो त्याच्या हलकेपणामुळेच. पांगारा किंवा शिवण मिळाल्यास उत्तम. सीताफळाची छाटलेली फांदीही आरंभाला चालते. बाभूळ गाडीच्या चाकाला शोभते, नवशिक्याच्या चाकूला नव्हे. क्षेत्राच्या रानातील उभे झाड मात्र तोडू नये. पडलेली डहाळी पुष्कळ. बसून काम करावे, हात पसरला तर कोणास लागणार नाही इतके अंतर ठेवावे, रेषांच्या ओघाने तासावे, आणि मांडीवर लाकूड ठेवून तिच्याकडे पाते कधीही ओढू नये.

हा सारा खटाटोप एका विटीसाठी कशाला, असे कोणी विचारील. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयुसच्या खटपटीने १८६६ साली हस्तकला शाळेत आली. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमनने १८७५ पासून शिक्षकांना हेच शिक्षण दिले, आणि त्या अभ्यासक्रमाचा आरंभ चाकूनेच होत असे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. झाकीर हुसेन समितीच्या योजनेत सुतारकामालाही स्थान मिळाले. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांपाशी शिकावे असे म्हटले आहे. ते दहा दिवस नुसते पाहण्यात जाऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लाकडावर चूक झाली तर ती खोडरबराने पुसता येत नाही. पुढच्या वेळी हात आपोआप सावध होतो, आणि ही सावधगिरी फळ्यावर लिहून देता येत नाही.

तेव्हा येत्या कार्तिकीला मुलगा किंवा मुलगी चाकूच्या पथारीपाशी थांबली, तर तिला ओढून पुढे नेऊ नका. आपणही खाली बसा. पाते, पोलाद, सांधा आणि मूठ तिच्याकडूनच तपासून घ्या. एकही पसंत न पडला, तर रिकाम्या हाताने परत या. नाकारावयास शिकणे हाही पारखीचाच भाग आहे. पसंत पडला, तर पहिले काही दिवस तिच्या शेजारी बसण्याची तयारी ठेवा. चाकूची खरी किंमत तीच आहे, आणि ती आईबापांनीच द्यावयाची असते. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.