करवाढीची मध्यरात्र

कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते. असे असताना अर्थमंत्र्यांनी सकाळी भाषण करावे आणि त्याच मध्यरात्रीपासून परदेशी मालावर वाढीव जकात सुरू व्हावी, हे कसे? वित्त विधेयक त्या दिवशी नुसते मांडलेले असते; लोकसभेने त्यावर मत दिलेले नसते.

याचे उत्तर बंदरावर सापडते. जकात वाढणार हे आज कळले आणि कायदा होण्यास दोन महिने लागणार असले, तर व्यापारी स्वस्थ बसेल काय? जुन्या दराने माल सोडवून तो वखारी भरील आणि पुढे नव्या भावाने विकील. वाढीचा भार गिऱ्हाइकाच्या माथी आणि पैसा मात्र सरकारच्या तिजोरीबाहेर! म्हणून १९३१ साली तात्पुरत्या करवसुलीचा कायदा झाला. आता त्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. विधेयकात तशी घोषणा असेल, तर जकातीचा वा उत्पादनशुल्काचा नवा दर तो दिवस सरताच अंमलात येतो. ही मुभा फार तर पंचाहत्तर दिवसांची. संसदेने दर खाली आणून विधेयक संमत केले, तर जादा घेतलेली रक्कम परत करावी लागते. म्हणजे मध्यरात्रीच्या वसुलीलाही आधार संसदेच्याच कायद्याचा असतो.

प्राप्तिकराला अशी घाई नसते. त्याचा हिशेब वर्षाचा. शिवाय पगाराची साठेबाजी अद्याप कोणास साधलेली नाही.

पुष्कळ गृहिणी साबणाचा किंवा कापडाचा भाव ऐकण्यासाठी हे भाषण लावतात. परंतु १ जुलै २०१७ पासून हे दर वस्तू व सेवाकर परिषदेच्या शिफारशीने ठरतात. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश मते लागतात. एकट्या केंद्राचे तेथे चालत नाही आणि केंद्रावाचून राज्यांचेही नाही. पेट्रोल व डिझेल या करात आलेले नाहीत. त्यांवरील उत्पादनशुल्क अधिसूचना काढून वर्षात केव्हाही बदलता येते.

माझ्या मते आपण कराकडे जितके कान देतो, तितके खर्चाकडे देत नाही. प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी लोकसभेने मंजूर करावयाची असते. पण ठरलेला दिवस उजाडला की उरलेल्या सर्व मागण्या एकत्रच मतास टाकतात. या प्रथेला गिलोटिन म्हणतात. २०२३ च्या मार्चमध्ये, सभागृहातील गोंधळात, एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न होता सर्व मागण्या मंजूर झाल्या. करदात्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची जागा तीच होती. तपशिलाची खरी छाननी हल्ली होते ती १९९३ पासून चालत आलेल्या खातेनिहाय स्थायी समित्यांत. तेथे सचिवांना समोर बसवून, गेल्या वर्षीचा पैसा का खर्चला नाही, असे विचारतात. त्या बैठका बंद दाराआड होतात. अहवाल मात्र छापले जातात आणि कोणालाही वाचावयास मिळतात.