चित्रस्पर्धेचे परीक्षण आणि गावचे तळे



प्राथमिक शाळेत चित्रकलेची स्पर्धा ठेवली की बहुतेक ठिकाणी एकच चित्र पाहावयास मिळते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचे झाड. ज्या गावच्या शिवारात नारळ नाही आणि जेथील ओढा फाल्गुनातच आटतो, तेथील मुलेही हेच चित्र काढतात. विषय ‘पर्यावरण’ असा दिला, तर त्याच चित्रावर ‘झाडे लावा’ एवढी अक्षरे वाढतात. यात मुलांचा दोष नाही. ज्या चित्राला बक्षीस मिळते, ते चित्र मुले काढू लागतात. यास्तव स्पर्धेचा विचार परीक्षणापासूनच आरंभावयास हवा.

या दृष्टीने अमेरिकेतील एका जुन्या चित्रस्पर्धेचा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत त्या देशात दीर्घ अवर्षण पडले. त्यापूर्वीच शेतीसाठी कितीतरी दलदली व पाणथळ जागा चर खणून कोरड्या करण्यात आल्या होत्या. रानबदके व हंस यांची निवाऱ्याची ठिकाणे नाहीशी होत चालली आणि पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. तेव्हा १६ मार्च १९३४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. पाणपक्ष्यांची शिकार करू इच्छिणाऱ्या सोळा वर्षांच्या व त्याहून मोठ्या प्रत्येकाने दरवर्षी एक विशेष तिकीट विकत घ्यावे आणि त्या पैशातून पाणथळ जमीन राखावी, अशी ही योजना होती. पहिल्या तिकिटाची किंमत एक डॉलर होती. त्यावरील चित्र जे. एन. डार्लिंग यांनी काढले. हे गृहस्थ वृत्तपत्रातील नामांकित व्यंगचित्रकार असून त्या काळी वन्य पक्षी व प्राणी यांच्या सरकारी खात्याचे प्रमुखही होते. तळ्यावर उतरणारी बदकांची जोडी त्यांनी रेखाटली होती.

आरंभीची काही वर्षे हे चित्र निमंत्रित चित्रकारांकडून घेतले जाई. १९४९ पासून ते खुल्या स्पर्धेतून निवडले जाऊ लागले. त्या पहिल्या वर्षी ६५ चित्रकारांनी ८८ चित्रे पाठविली. ही स्पर्धा अद्यापही चालू आहे. तिकिटाची किंमत आता २५ डॉलर आहे. प्रत्येक डॉलरमधील ९८ सेंट पाणथळ जागा घेण्यासाठी वा राखण्यासाठी खर्च होतात आणि अशा रीतीने आजवर साठ लाख एकरांहून अधिक जमीन सुरक्षित झाली आहे. विशेष म्हणजे विजेत्या चित्रकाराला सरकारकडून रोख पारितोषिक मिळत नाही. त्याच्या चित्राची तिकिटे असलेला एक कागद त्याला देण्यात येतो.

या स्पर्धेचे परीक्षण मननीय आहे. पाच परीक्षक असतात. चित्र कोणाचे हे त्यांना सांगितले जात नाही. परीक्षण लोकांसमोर उघडपणे चालते. पहिल्या फेरीत प्रत्येक परीक्षक ‘ठेवावे’ किंवा ‘वगळावे’ एवढेच मत देतो. निकष आधीच जाहीर असतात: पक्ष्याचे शरीर यथार्थ आहे काय, चित्राची मांडणी चांगली आहे काय, आणि तिकिटाएवढ्या लहान आकारात ते उठून दिसेल काय. पंखाची ठेवण चुकली, तर सुंदर रंगांनी ती चूक झाकली जात नाही.

याच वृक्षाला पुढे मुलांसाठी एक फांदी फुटली. १९८९ मध्ये विद्यार्थ्यांच्या अशाच उपक्रमास आरंभ झाला. १९९३ मध्ये मुलांच्या चित्राचे पहिले तिकीट निघाले आणि १९९४ मध्ये त्यास कायद्याचा आधार मिळाला. मुलांचे वर्गवार चार गट केले जातात, त्यामुळे दुसरीतील मुलाची तुलना अकरावीतील मुलाशी होत नाही. चित्र मुलाचे स्वतःचे असावे लागते. छापील छायाचित्रावरून गिरवलेले चालत नाही. चित्रावर अक्षरे लिहावयाची नसतात. निसर्गरक्षणाविषयी मुलाला जे सांगावयाचे असेल, ते त्याने वेगळे, स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे असते. चित्र काढण्यापूर्वी तो पक्षी काय खातो, कोठे राहतो, कोणत्या गवतात लपतो हे त्याला शिकावे लागते. किंबहुना हे शिकणे हेच त्या स्पर्धेचे खरे फलित होय.

आता महाराष्ट्रातील खेडेगावाकडे वळावे. पाणपक्षी येथेही आहेत आणि लोकांनी त्यांना दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेले बदक ते ‘हळदी-कुंकू’. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा मिरवणारा तो ‘वारकरी’. फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळणारा, हिवाळ्यात दूरदेशाहून येणारा तो ‘थापट्या’. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्याचे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. राज्यातील असे ते पहिलेच ठिकाण. परंतु गावोगावची लहान तळी कोणत्याही यादीत नाहीत. गाळ साचतो, कचरा पडतो, कडेची जमीन हळूहळू आत सरकते आणि एके दिवशी तळ्याची केवळ आठवण उरते.

समजा, अशा गावातील चौथीच्या एका मुलीने स्पर्धेत तळ्याचे चित्र काढले. पाणी मध्यावर उरलेले, काठाला भेगा पडलेल्या, एका बाजूस प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिखलात उभा एकच बगळा. रंग मळकट, रेघा वाकड्या. शेजारच्या मुलाने डोंगर, सूर्य व नारळ स्वच्छ रंगवून दिले. बक्षीस कोणाला द्यावे? पुष्कळ ठिकाणी ते दुसऱ्या चित्राला जाईल आणि मुलीला ‘छान दृश्य काढावयाचे होते’ असे समजावले जाईल. त्या क्षणी ती एक धडा शिकते: डोळ्यांना दिसते ते कागदावर आणावयाचे नसते. पुढे मोठेपणी तळे बुजताना पाहूनही जी माणसे गप्प बसतात, त्यांनी असाच एखादा धडा लहानपणी घेतलेला नसेल, असे कोण म्हणेल?

म्हणून शाळेत वा केंद्रात स्पर्धा ठेवताना काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. विषय व्यापक न ठेवता नेमका ठेवावा: ‘आमच्या तळ्यातील एक जीव’, ‘ओढ्याकाठचे एक झाड’. स्पर्धेपूर्वी मुलांना तेथे एकदा तरी न्यावे, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर बसवून पाहू द्यावे. निकष आधी वाचून दाखवावेत: पाहून काढले आहे काय, तो जीव आणि त्याची जागा ओळखू येते काय, मांडणी नीट आहे काय. नाव कागदाच्या मागे असावे. परीक्षक तीन असावेत. एक चित्रकलेचा जाणकार, एक दुसऱ्या शाळेतील शिक्षक आणि एक त्या तळ्याला ओळखणारा मनुष्य, मग तो मासे धरणारा असो वा गुरे राखणारा. बगळ्याचा पाय कोठे वाकतो, हे तो सर्वांत चांगले सांगेल. महागडे रंग असलेल्या मुलाला त्या रंगांपायी अधिक गुण मिळू नयेत. कोळशाने काढलेले चित्रही तितक्याच आदराने पाहावे. निर्णयाचे कारण मुलांसमोर सांगावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. अमेरिकेतील त्या चित्रांनी पक्षी वाचले ते केवळ सौंदर्याच्या बळावर नव्हे. त्यांच्या मागे कायदा होता आणि तिकिटाचा पैसा होता. भिंतीवर टांगून ठेवलेले चित्र एकटे तळे राखू शकत नाही. परंतु २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने जैवविविधतेची नोंदवही ठेवावयाची असते. मुलांच्या चित्रांवर दिनांक, ठिकाण आणि त्यांचे एकेक वाक्य लिहून घेऊन त्यांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या समितीकडे द्याव्यात. मूळ चित्रे ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर मांडावीत. पाच वर्षांची चित्रे शेजारी शेजारी लावली, की पाणी कोठवर होते आणि कोठवर उरले, हे निरक्षर वृद्धालाही वाचता येईल.

त्या ओळीत चौथीतील मुलीचे मळकट रंगाचे चित्रही असावे. ते तेथे असेल की नाही, हे परीक्षकाच्या आसनावर बसलेल्या शिक्षकाच्या हाती आहे.