इंग्रजीच्या वहीला वाचक हवा



इंग्रजी कसें शिकवावें या विषयावर आपल्याकडे आजवर पुष्कळ बोललें गेलें आहे. व्याकरण आधीं कीं संभाषण आधीं, भाषांतरानें शिकवावें कीं वस्तु दाखवून शिकवावें, हे वाद मी शिक्षकाच्या पेशांत शिरलों त्यापूर्वींपासून चालू आहेत आणि मी निवृत्त झालों तरी ते मिटलेले नाहींत. त्या वादांत आज मला पडावयाचें नाहीं. मला आपलें लक्ष एका साध्या वस्तूकडे वेधावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे विद्यार्थ्याची इंग्रजीची वही. ही वही वाचतो कोण?

तिला जगांत एकच वाचक असतो, आणि तो म्हणजे शिक्षक. तोही ती वाचतो असें म्हणणें धाडसाचें होईल. तो ती तपासतो. मुलानें काय सांगितलें हें जाणण्यापेक्षां तें कोठें चुकलें हें शोधण्याकडे त्याचा सारा डोळा असतो. आतां हेंच मूल मराठी कसें शिकलें तें आठवा. तें बोबडें बोलूं लागलें तेव्हां सारें घर कान देऊन ऐकत होतें. 'मला पानी' असें तें म्हणालें तर आईनें पाण्याचा पेला पुढें केला. 'ण'चा उच्चार शुद्ध होईपर्यंत तिनें त्याला तहानलेलें ठेविलें नाहीं. बोललें कीं काम होतें, हा अनुभव त्याला पदोपदीं येत होता, आणि त्या अनुभवाच्या बळावर भाषा वाढत होती. इंग्रजीच्या वहींत हा अनुभव त्याला एकदांही येत नाहीं. आपल्या राज्यांत जून २००० पासून मराठी शाळांतूनही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविलें जातें. दहावीपर्यंत दहा वर्षें झालीं. तरीही स्वतःच्या मनांतील दहा वाक्यें इंग्रजींत मांडावयाचीं म्हटलीं कीं पुष्कळ मुलांचा हात थबकतो. याचीं कारणें अनेक आहेत. पण वहीला वाचक नाहीं हें त्यांतलें एक मोठें कारण आहे, असें माझें मत आहे.

या मतापर्यंत मी पोथ्या वाचून आलों नाहीं, एक अपराध करून आलों. सातवीच्या वर्गाला मीं एकदां 'माझा आवडता प्राणी' या विषयावर इंग्रजींत दहा वाक्यें लिहावयास सांगितलीं. बहुतेकांनीं गाईडांतला कुत्र्यावरील निबंध उतरवून आणिला. एका मुलानें मात्र घरच्या म्हशीवर लिहिलें. ओढ्याला पूर आला असतां ती म्हैस वाहून जातां जातां कशी वांचली आणि त्याचे वडील तिचें शेंपूट धरून कसे कांठास लागले, हें त्यानें आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगितलें होतें. दहा वाक्यांत मला अठरा चुका सांपडल्या. त्या मीं तांबड्या शाईनें मोठ्या दक्षतेनें दाखविल्या आणि दहांपैकीं तीन गुण दिले. म्हैस वांचली, वडील वांचले, याबद्दल मीं एक अक्षरही लिहिलें नाहीं. पुढच्या खेपेस त्या मुलानेंही गाईडांतला निबंध आणिला. त्यांत एकही चूक नव्हती. मीं आठ गुण दिले आणि 'सुधारणा उत्तम' असा शेरा मारला! वर्षअखेरपर्यंत त्या मुलानें स्वतःचें असें एकही इंग्रजी वाक्य पुन्हां लिहिलें नाहीं. हा माझ्या शेऱ्याचा खरा अर्थ होता. तो मला कळावयास पुढें बरींच वर्षें लागलीं.

तो कळला तेव्हां दूरच्या दोन शिक्षकांची मला मोठी मदत झाली. पहिले फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने. हे गृहस्थ १८९६ सालीं जन्मले. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली, त्यामुळें शाळेंत तासन् तास बोलणें त्यांना झेपेना. १९२० सालीं ते दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या डोंगराळ गांवीं शिक्षक झाले. मास्तरांचा घसाच चालत नाहीं, तेव्हां मुलांनींच बोलावें हें ओघानेंच आलें. मुलांना घेऊन ते गांवांत हिंडत, कारागिरांचीं कामें दाखवीत, आणि परत आल्यावर मुलें पाहिलेलें लिहीत. १९२४ सालीं त्यांनीं वर्गांत एक लहानसा छापखाना आणिला. मुलांचें लिखाण मुलेंच जुळवूं व छापूं लागलीं, आणि छापलेलीं पानें दूर ब्रिटनी प्रांतांतील समुद्रकांठच्या एका शाळेकडे जाऊं लागलीं. तिकडचीं पानें इकडे येऊं लागलीं. यांतील मर्म असें कीं, ब्रिटनीच्या त्या भागांत घरोघरीं ब्रेटन बोलत आणि दक्षिणेकडील खेड्यांतही घरची बोली निराळी असे. शाळेची फ्रेंच हीच दोन्हीं गांवांना जोडणारी भाषा होती. ती शिकण्यास मुलांना आतां खरेंखुरें कारण मिळालें.

दुसऱ्या न्यू झीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर. माओरी समाजाच्या लहान मुलांना त्या इंग्रजी वाचावयास शिकवीत. छापील पुस्तकांतले शब्द मुलांच्या मनाला शिवत नाहींत असें दिसतांच त्या प्रत्येक मुलाला, 'तुला आज कोणता शब्द हवा?' असें विचारूं लागल्या. मूल सांगेल तो शब्द त्या जाड कागदावर लिहून त्याच्या हातीं देत. दुसऱ्या दिवशीं जो शब्द ओळखतां येत नसे तो टाकून दिला जाई. कारण तो मनांतून आलेला नव्हता. १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'टीचर' या त्यांच्या पुस्तकांत हा सारा वृत्तान्त आहे.

आमच्याजवळ छापखाना नव्हता. पण कागद होता, टांचण्या होत्या आणि टपालखातें होतें. सोलापुराकडील आमच्या ज्वारीच्या मुलुखांतून कोंकणांतल्या समुद्रकांठच्या एका शाळेशीं आम्हीं संधान बांधिलें. दर आठवड्याला सातवीचा वर्ग एक पान इंग्रजींत लिही. चार मुलें त्या आठवड्याचे संपादक. एक प्रत शाळेच्या भिंतीवर लागे, दुसरी टपालानें कोंकणांत जाई.

पहिल्याच पानांत आमच्या मुलांनीं हुरड्याविषयीं लिहिलें. उत्तर आलें, 'हुरडा म्हणजे काय? तो झाडाला लागतो काय?' वर्गांत हशा पिकला. पण हशा ओसरल्यावर मुलें अडलीं. कोंवळ्या ज्वारीचें कणीस, गोंवऱ्यांचा आर, त्यांत भाजणें, तळहातावर चोळून दाणे काढणें, हें सारें इंग्रजींत सांगावयाचें कसें? ज्या शब्दकोशावरची धूळ मीं सांगूनही कोणी झटकली नव्हती तो त्या दिवशीं चौघांच्या हातांतून ओढला गेला. कणसाला इंग्रजींत 'इअर' म्हणतात, म्हणजे कानाच्या शब्दासारखाच दिसणारा शब्द, हें कळल्यावर मुलांना जो आनंद झाला तो मला कोणत्याही धड्यानें निर्माण करतां आला नव्हता. कोंकणच्या मुलांनीं परत टपालीं रापणीचें वर्णन पाठविलें. होडींतून लांबच लांब जाळें अर्धवर्तुळांत सोडावयाचें आणि त्याचीं दोन्हीं टोकें किनाऱ्यावरून गांवानें मिळून ओढावयाचीं. आतां प्रश्न विचारण्याची पाळी आमची होती.

व्याकरण शिकविण्याचें मी टाकलें कीं काय, असें आपण विचाराल. मुळींच नाहीं, उलट तें शिकविण्याची संधि मला येथेंच सांपडली. इंग्रजींतील 'अ' आणि 'द' हीं उपपदें आपल्या मुलांना फार छळतात, कारण मराठींत तसे शब्द नाहींत. आमच्या मुलांनीं लिहिलें, 'डॉग फेल इन वेल.' कोंकणांतून विचारणा झाली, 'कुत्रा कोणाचा? विहीर शाळेची कीं दुसरी?' मग मीं फळ्यावर समजावून सांगितलें, कीं ऐकणाराला जो कुत्रा ठाऊक नाहीं तो प्रथम 'अ डॉग' म्हणून येतो, आणि एकदां ओळख झाली म्हणजे तो 'द डॉग' होतो. हा नियम मीं पूर्वीं अनेकदां पाठ करून घेतला होता. त्या दिवशीं तो मुलांना पटला. 'दिवा बंद कर' याचें 'क्लोज द लाइट', 'मला दोन भाऊ आहेत' याचें 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', हीं तर आपल्या घराघरांतलीं वाक्यें. मात्र एक पथ्य मीं पाळलें. एका आठवड्यांत एकाच जातीच्या चुकीकडे लक्ष द्यावयाचें. आधीं मजकुराविषयीं एक प्रश्न विचारावयाचा, मग शेजाऱ्याकडून वाचून घ्यावयाचें, मग ती एक चूक मुलानें स्वतः शोधावयाची. बाहेर जाणारी प्रत संपादकांनीं व मीं मिळून शुद्ध करावयाची. अठरा चुका एकदम दाखविल्यानें अठरा चुका सुधारत नाहींत. मूल लिहिणेंच सोडतें.

दुसरें पथ्य याहून नाजूक आहे. मनमोकळें लिहूं लागलेलें मूल कधीं कधीं घरचें दुःखही लिहितें. एका मुलीनें वडिलांच्या व्यसनाविषयीं लिहिलें. संपादक मुलांना तें पान उत्तम वाटलें, आणि तें उत्तम होतेंही. मीं तें भिंतीवर लावूं दिलें नाहीं. त्या मुलीला जवळ बसवून मीं सांगितलें, 'बाळ, हें मीं वाचलें. हें तुझें आहे. तें तुझ्याजवळच राहूं दे.' वाचक हवा म्हणजे चव्हाटा हवा असें नव्हे. लिखाण कोणापुढें जावें हें ठरविण्याचा हक्क मुलाचा, आणि त्याला ज्याची जाण नाहीं तें जपण्याचें कर्तव्य शिक्षकाचें.

आतां कोणी म्हणेल, गुरुजी, आपला काळ गेला. आज खिशांतल्या फोनमधील यंत्र क्षणांत निर्दोष इंग्रजी निबंध लिहून देतें. खरें आहे, आणि त्याच फोननें दूरची शाळाही क्षणांत जवळ येते, हा लाभ मी नाकारीत नाहीं. पण निबंध लिहून देणारें यंत्र हें जुन्या गाईडाचेंच नवें रूप आहे. जोंवर वही केवळ गुणांसाठीं भरावयाची आहे, तोंवर मूल शहाणपणानें तिकडेच वळेल. परंतु तुमच्या आजीनें गेल्या रविवारीं हुरडा कसा भाजला, तो कोणाच्या हाताला पोळला, हें त्या यंत्राला ठाऊक नसतें. तें फक्त त्या मुलाला ठाऊक असतें. जें फक्त त्यालाच ठाऊक आहे तें विचारणारा कोणी भेटला, तर सांगण्यासाठीं तें स्वतःची भाषा शोधील.

शहरांतल्या सुशिक्षित घरांना, मुलांना इंग्रजी शाळेंत घालणाऱ्या आईबापांनाही, माझी एवढीच विनंति आहे. आठवड्यांतून एकदां मुलाला कोणाला तरी इंग्रजींत पत्र लिहूं द्या. परगांवच्या मामेभावाला, मावशीला, परप्रांतांतील एखाद्या मित्राला. त्या माणसालाही सांगून ठेवा, कीं उत्तर अवश्य पाठवावें, आणि उत्तरांत आधीं मजकुराला मजकुरानें उत्तर द्यावें. चूक दाखवावयाचीच तर एक दाखवावी, तीही शेवटीं.

माझ्याजवळ ती जुनी वही नाहीं. असती तर आज मीं तिच्यांत तांबड्या शाईनें एकच ओळ लिहिली असती: पुरांतून वांचलेल्या त्या म्हशीचें नांव काय होतें? तो प्रश्न मीं वेळीं विचारला नाहीं. आपण आपल्या मुलांना तो विचारावा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.