इंजिनाचा श्वास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवेदकांनी माझी ओळख ‘जेट बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलेलं मी ऐकलं. बरोबरच आहे. माळेगावात पाणी म्हणजे नीरा डावा कालवा आणि विहिरी. इथं जेट बोट कुठून येणार? पण ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. जेट बोटीच्या पोटात असतो एक पाण्याचा पंप. विहिरीवरचा पंप पाणी उसाकडे ढकलतो. हा पंप पाणी जोरानं मागे फेकतो आणि बोट पुढे पळते. खाली पंखा लोंबत नाही, म्हणून ती उथळ पाण्यातूनही निघते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्यानं १९५०च्या दशकात तिथल्या गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी ती चालती केली. १९७७ साली एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून हिमालयाकडे निघाले, तेव्हा हॅमिल्टनचा मुलगा त्यांच्याबरोबर होता. एका शेतकऱ्याचं यंत्र आहे, तेव्हा घरातलंच समजा.

मला विषय दिलाय : साध्या बदलांनी इंजिनाची ताकद कशी वाढवावी. त्याची सुरुवात मात्र बोटीवर नाही, आमच्या तात्यांच्या विहिरीवर झाली.

मी नववीत होतो. विज्ञानाच्या सरांनी पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातला. ज्योत विझली. हवा नाही तर ज्वलन नाही. मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. तात्यांचं ऑइल इंजिन त्या दिवसांत काळा धूर ओकत होतं आणि पाणी कमी फेकत होतं. मी एअर क्लीनर उघडला. खालच्या वाटीतल्या तेलाचा चिखल झालेला, वरची जाळी गच्च. मला वाटलं, हाच तो ग्लास! मी वाटी आणि जाळी काढून कोपऱ्यात ठेवली. इंजिन खणखणीत वाजायला लागलं, धूर कमी झाला, पाण्याची धार वाढली. तात्या म्हणाले, “पोरगं हुशार आहे.” तेवढ्यावर मी महिनाभर छाती काढून हिंडलो.

उन्हाळा होता. शेजारच्या रस्त्यावरून फुफाटा उडत होता. दोन महिन्यांत इंजिन निळा धूर टाकायला लागलं, ऑइल प्यायला लागलं आणि एका सकाळी हॅन्डल मारून मारून दोघं गडी दमले तरी सुरू होईना. कॉम्प्रेशनच राहिलं नव्हतं. मिस्त्री उद्या येणार असं कळलं, तेव्हा रात्री मी कंदील घेऊन गेलो, वाटी-जाळी धुतली, नवं तेल भरलं आणि सगळं जागच्या जागी बसवलं. मिस्त्रीनं इंजिन खोललं. लायनर घासलेला, रिंगा गेलेल्या. तो म्हणाला, “क्लीनर तर बसवलेला आहे. ऑइल भेसळीचं असणार.” तात्या ऑइलवाल्याशी कडाडून भांडून आले. लायनर-पिस्टनसाठी एक म्हैस विकली. इंजिन परत बसेपर्यंत दीड एकर ऊस वाळला. मी गप्प राहिलो.

पुढे आयटीआय केलं, किनाऱ्यावर बोटींच्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा हिशेब कळला. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान दहा-अकरा हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंजिन डिझेल पितं त्याच्या कितीतरी पट हवा पितं, आणि त्या हवेबरोबर येणारी धूळही. ऑइलमध्ये मिसळलेली बारीक धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. मेणबत्तीला लायनर नसतो, एवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता बोटीकडे येतो. एका मालकाची पेट्रोल इंजिनाची जेट बोट होती. माणसं भरली की ती पाण्यात जड चालायची, उचलायचीच नाही. इंजिन बंद पेटीत. बाहेर ३५ अंश, पेटीत ६५, आणि इंजिन श्वास घेत होतं पेटीतलाच. हवा तापली की पातळ होते. ३५ ची ६५ झाली तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के कमी हवा मावते.

मी पेटीबाहेरून हवा घेणारा पाइप टाकला. पाइप इंजिनाच्या तोंडाइतकाच रुंद. हे तुम्हाला समजवायला नको : चार इंची लाइनमध्ये तीन इंची पाइप जोडला तर तेवढंच पाणी न्यायला विरोध चौपट होतो. हवेचंही तसंच. काटकोनी एल्बो टाळले, मोठ्या गोलाईची दोनच वळणं ठेवली. पाइपचं तोंड मागे वळवलं, आणि वाटेत एक छोटी पेटी घातली, म्हणजे उडालेलं पाणी तिथं पडून खालच्या भोकातून निघून जावं. कारण हवेऐवजी पाणी आत गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

फेरे ३,६०० वरून ३,७२० झाले. मालक म्हणाला, “एवढ्यासाठी एवढा खटाटोप?” मी सांगितलं, पंपाला फेरे वाढवायला ताकद घनाच्या प्रमाणात लागते. तीन टक्के फेरे वाढले म्हणजे इंजिन जवळजवळ दहा टक्के जास्त ताकद देतंय. मग बारा माणसं बसवून बोट नेली. ती उचलली.

खूश होऊन मालक म्हणाला, “आता कार्बोरेटरवरची ती जाळीपण काढा, अजून पळेल.” ती जाळी बॅकफायरची ज्वाळा अडवते. बंद पेटीत पेट्रोलची वाफ साचते. जाळी काढली आणि एक ठिणगी निघाली, तर बारा माणसांची बोट पेटते. मला तात्यांच्या विहिरीवरची वाटी आठवली. मी म्हणालो, “जाळी काढायची असेल तर दुसरा मिस्त्री बघा.”

त्या दिवाळीला गावी आलो आणि तात्यांपुढे बसून सगळं सांगितलं. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. दोन महिने चाललेल्या इंजिनाच्या वाटीत तेल असं नितळ राहतं होय? ऑइलवाल्याकडे मी दुसऱ्याच दिवशी जाऊन आलो.” मग थोड्या वेळानं, “पाचटाच्या धुळीत आपण तोंडाला फडकं बांधतो. श्वास कोंडतो म्हणून फडकं फेकायचं नसतं, धुवायचं असतं.”

तात्या आज नाहीत. पण परवा गावात फिरलो तर दोन-तीन ट्रॅक्टर फिल्टर काढून चाललेले दिसले. आवाज भारी येतो म्हणे! म्हणून तुमच्या पोरांसाठी चार गोष्टी सांगतो.

ऑइलबाथ क्लीनरची वाटी खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कागदी फिल्टर आपटू नका, धुऊ नका. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला रबरी पाइप दर आठवड्याला बघा. तिथल्या चिरेतून येणारी धूळ कुठलाच फिल्टर अडवत नाही. डिझेल इंजिन मंद चालू ठेवून हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर कुठून तरी चोरून हवा येतेय. हात लावू नका, फळीच लावा.

फिल्टर तुंबला का, हे अंदाजानं ठरवू नका. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू आकारात कमरेइतकी उंच बांधा, निम्मी पाण्यानं भरा. एक टोक फिल्टरच्या पुढे जोडा, दुसरं मोकळं. इंजिन पूर्ण वेगात असताना दोन्हीकडच्या पाण्यात किती इंचांचा फरक पडतो ते बघा. अनेक ट्रॅक्टरना पंचवीस इंचांच्या आसपास मर्यादा असते. आपल्या ट्रॅक्टरची त्याच्या पुस्तकात बघा. आणि एक खरं सांगतो : नुसती गार हवा देऊन साध्या डिझेल इंजिनाची ताकद फारशी वाढत नाही, कारण डिझेल किती द्यायचं ते पंप ठरवतो. पण काळा धूर घटतो आणि आहे ते डिझेल नीट जळतं.

तात्यांचं ते इंजिन मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणलंय. बाहेर टेम्पोत आहे. चालू स्थितीत आहे, वाटी आणि जाळीसकट. सरांना विनंती, मेणबत्तीचा प्रयोग झाला की मुलांना त्याच तासाला हे इंजिनही दाखवा.