स्फटिकातील रिकाम्या जागा

सेंद्रिय स्फटिक कितीही घट्ट दिसला, तरी त्यातील सुमारे 30 टक्के जागा रिकामीच असते. ती बहुधा चिंचोळ्या फटींत विखुरलेली असल्याने कोणाच्या उपयोगी पडत नाही. परंतु एखादी पोकळी 40 घन अँगस्ट्रॉमांची भरली, की पाण्याचा एक रेणू तीत सुखाने राहू शकतो. म्हणून रचना ठरल्यावर संशोधक सुमारे 1.2 अँगस्ट्रॉम त्रिज्येचा काल्पनिक गोल तीत फिरवून पाहतात. उट्रेख्ट येथील स्पेक यांच्या ‘प्लॅटन’ या संगणक-आज्ञावलीने हे कंटाळवाणे काम सुकर केले. दडलेला द्रावक नजरेतून सुटला, तर पदार्थाचे सूत्र चुकते, घनता चुकते. औषध असेल तर मात्राही चुकावयाची. पोकळी भरलेलीच असेल, असे मात्र नव्हे. काही स्फटिक द्रावक उडून गेल्यावरही उभे राहतात. तेथे शिल्लक इलेक्ट्रॉन-घनता तपासावी लागते.