फळ्याच्या कोपऱ्यातल्या रेघा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि बजावलंय, "तू अमेरिकेत नेमकं काय करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं." आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दोनदा सांगून पाहिलं होतं. तेव्हापासून माझी ओळख 'ती विमानात असते' अशी झाली आहे. परवा एकाने तिकिटात सवलत मिळेल का, असंही विचारलं. तर मी विमानात नसते. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, दिवसभर खुर्चीत बसते. विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या कानावर किती आवाज पडतो आणि तिथल्या हवेत काय काय सोडलं जातं, याचा हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये मांडणं हे माझं काम.

घाटकोपरच्या शाळेत शिकलेल्यांना विमानाचा आवाज समजावून सांगायला नको. सांताक्रूझला उतरणारी विमानं आपल्या छपरावरून जायची. गणिताच्या बाई वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायच्या, खडू हातातच असायचा. विमान गेलं की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी उभी रेघ मारायच्या आणि वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे न्यायच्या. आपण मागच्या बाकांवर त्या रेघांवर पैज लावायचो. बाई, हे आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

गेल्या महिन्यात, बाईंनीच शिकवलेल्या त्रिकोणमितीने मी एक गणित सोडवलं. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या कोनात खाली येतं आणि धावपट्टीच्या टोकावर सुमारे १५ मीटर उंचीवर असतं. शाळा टोकापासून ३ किलोमीटरवर धरली, तर टॅन ३ म्हणजे ०.०५२४, म्हणून १५७ मीटर, अधिक १५. जमिनीचा चढउतार सोडून दिला तर पावणेदोनशे मीटरही नाही. उगाच नव्हत्या बाई थांबत.

आता सॉफ्टवेअरकडे वळते. त्याचं नाव लांबलचक आहे, एव्हिएशन एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन टूल. आम्ही एईडीटी म्हणतो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक खात्याचं ते आहे. आधी आवाजासाठी एक सॉफ्टवेअर होतं, १९७८ पासूनचं, आणि धुरासाठी दुसरं. २०१५ मध्ये दोन्हींची जागा याने घेतली. एकच विमान आवाजही करतं आणि धूरही सोडतं, तेव्हा हिशेब एका वहीत असावा, हे तसं शहाणपणाचंच.

अभ्यासाची मांडणी म्हणजे त्या वहीत आधी काय काय लिहायचं ते. धावपट्ट्यांची टोकं, हवेचं तापमान, दाब, आर्द्रता. मग विमानं. इथे नुसतं 'एअरबस ३२०' लिहून भागत नाही, त्याला कुठलं इंजिन लावलंय तेही लिहावं लागतं, कारण तेच विमान दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंजिनांनी उडतं आणि त्यांचा धूर सारखा नसतो. मग ते किती लांब जाणार? लांब जाणारं विमान इंधनाने जड असतं, सावकाश वर चढतं, म्हणून त्याचा आवाज खालच्या वस्तीवर जास्त वेळ रेंगाळतो. मग मार्ग. कागदावर मार्ग एक रेघ असतो, पण रडारच्या नोंदी काढून पाहिल्या तर उघडलेल्या झाडूसारखा पसारा दिसतो. तो पसाराही सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. नाहीतर सगळा आवाज एकाच गल्लीच्या माथी बसतो आणि शेजारची गल्ली मोकळी सुटते.

धुराची एक गंमत सांगते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानाच्या उतरण्या-चढण्याचं एक ठरावीक चक्र आखून दिलं आहे. ते ३२.९ मिनिटांचं आहे. त्यात पूर्ण जोर लावून धावपट्टी सोडायला ०.७ मिनिट, वर चढायला २.२, उतरायला ४, आणि जमिनीवर रांगत राहायला तब्बल २६ मिनिटं. जोरात इंजिनातून नायट्रोजन ऑक्साइड जास्त निघतात. रांगताना इंधन नीट जळत नाही, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड जास्त. म्हणून विमानतळावरच्या हवेचा विचार करताना आकाशाइतकंच त्या रांगेकडे बघावं लागतं. आपल्या एलबीएस रोडवर रोज उभ्या असणाऱ्यांना हे लगेच पटेल.

आवाजाचं माप मात्र मला जास्त छळतं. तिथे वर्षभराची सगळी उड्डाणं घेऊन एक 'सरासरी दिवस' तयार करतात आणि चोवीस तासांच्या आवाजाची सरासरी काढतात. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जास्तीचे लावतात, कारण तेव्हा लोक झोपलेले असतात. डेसिबलच्या गणितात १० म्हणजे दहापट. पहाटेचं एक विमान दुपारच्या दहा विमानांएवढं मोजलं जातं. मग नकाशावर ६५ डेसिबलची रेषा काढतात. घर रेषेच्या आत आलं, तर आवाज अडवणाऱ्या खिडक्या आणि तत्सम मदतीचा विचार होतो. बाहेर राहिलं तर सहसा होत नाही.

आणि इथेच मी चुकले. अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका विमानतळाचा अभ्यास होता. रडारच्या नोंदींवरून सॉफ्टवेअरला द्यायचा तक्ता तयार करणारा प्रोग्रॅम माझा. नोंदींमधली वेळ होती जागतिक प्रमाणवेळ, आणि मी ती स्थानिक समजून तशीच पुढे ढकलली. म्हणजे झालं काय, तर दुपारी चार-पाचपासून मध्यरात्री एक-दोनपर्यंतची विमानं 'रात्र' ठरली, आणि पहाटेची मालवाहू विमानं 'दिवस'. आईला फोन करताना मी रोज साडेअकरा तास मिळवते, उन्हाळ्यात साडेदहा. तेव्हा कधी चूक होत नाही. कामात झाली.

कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण विमानांची एकूण संख्या बरोबर होती. रेषेच्या आतलं क्षेत्रफळही साधारण अपेक्षेएवढंच होतं. फक्त रेषा संध्याकाळी उडणाऱ्या प्रवासी विमानांच्या बाजूला फुगली होती आणि पहाटे उतरणाऱ्यांच्या बाजूला आत गेली होती. नकाशा दिसायला इतका गुळगुळीत होता की त्याच्यावर शंका घ्यायची कोणाची हिंमत होईना. माझी तर मुळीच नाही.

तिथे नकाशाचा मसुदा लोकांना दाखवावा लागतो. एका सभागृहात तक्ते लावून आम्ही उभे होतो. एक वयस्कर बाई वही घेऊन आल्या. रोज पहाटे जाग आली की त्या वेळ लिहून ठेवत होत्या. चार चाळीस, चार बावन्न, पाच दहा, अशी पानंच्या पानं. त्यांनी माझ्या नकाशावर आपलं घर शोधलं. ते रेषेच्या बाहेर होतं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरला पहाटे ऐकू येत नाही का?"

मी त्यांना सरासरी समजावून सांगू लागले. काय सांगू, आत्मविश्वासाने सांगत होते! कुठलीही एक पहाट म्हणजे वर्ष नव्हे, वगैरे. त्या ऐकून घेऊन गेल्या. रात्री हॉटेलवर त्या पानांवरच्या वेळा डोक्यातून जाईनात, म्हणून मी तक्ता उघडला. पहाटे चार ते सहा या वेळेत मालवाहू विमानं जवळजवळ नव्हतीच. मालवाहू विमानं पहाटे नाहीत, असं कधी असतं का! दहा मिनिटांत चूक सापडली. ती साहेबांना सांगायला मला सकाळचे नऊ वाजले, कारण मध्ये मी बराच वेळ बाथरूममध्ये रडत होते.

मसुदा मागे घेतला, कंपनीची नाचक्की झाली, सगळं पुन्हा चालवलं. त्या बाईंचं घर आत आलं. दुसऱ्या बाजूची काही घरं बाहेर गेली, आणि त्यांना तसं सांगायलाही मलाच पाठवलं. ते जास्त अवघड होतं.

त्याच विमानतळाजवळ एक प्राथमिक शाळा होती. ती ६५ च्या रेषेबाहेर होती, दुरुस्तीनंतरही. पण चोवीस तासांच्या सरासरीला शाळेचं काय कळणार? त्यात मुलं घरी असतात ते तासही धरलेले. सॉफ्टवेअरला दुसरा प्रश्नही विचारता येतो. शाळेच्या वेळेतली विमानं वेगळी काढली आणि विचारलं, या ठिकाणी किती मिनिटं आवाज ठरावीक पातळीच्या वर असतो? साहेब म्हणाले, नियमात हे मागितलेलं नाही. मी म्हटलं, मनाईही नाही. शेवटी ते परिशिष्टात गेलं. मी दुसऱ्या प्रकल्पावर गेले तेव्हा शाळेच्या खिडक्यांचा प्रस्ताव चर्चेतच होता.

ते परिशिष्ट तयार करताना मला सतत आपला फळा दिसत होता. शाळेच्या वेळेत विमानामुळे किती वेळा थांबावं लागलं, याचीच ती नोंद होती. कॉम्प्युटर नव्हता, फक्त खडू. आणि तास संपला की फळा पुसणाऱ्या मुलीने ती रोज पुसून टाकली. फळा पुसायची पाळी बऱ्याचदा माझीच असायची.

बाई, त्या रेघा तुम्ही कशासाठी मारायचात, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नाही. आता जेवणाच्या वेळी तुमच्या शेजारी बसणार आहे. माझी खुर्ची धरून ठेवा.